भांडं रिकामं परत देऊ नये : इंदूरच्या एका घराचा प्रकरण अभ्यास

आमच्या चर्चच्या मंडळीत गेली अकरा वर्षं मी खजिनदार आहे. रविवारच्या उपासनेनंतर दानाच्या थैल्या मोजायच्या, वर्गणीची वही लिहायची, विजेचं बिल भरायचं, हे माझं काम. त्या वहीतली एक ओळ मी चांगल्या मनाने खोडली आणि तिथे चुकलो. आजारपणाने खचलेल्या घरांना मदत करणारी माणसं आपल्यात पुष्कळ आहेत, त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे. ज्यांच्या घरची ही गोष्ट आहे त्यांनी नाव घालू नका एवढीच अट घातली. मी त्यांना ताई म्हणतो, त्यामुळे इथेही त्या ताई, आणि त्यांचे यजमान ते भावजी.

घर

ताईंचे आजोबा अहमदनगरकडचे. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८७७ मध्ये इंदुरात काम सुरू केलं, इथलं ख्रिश्चन कॉलेज १८८७ चं. त्याच मिशनच्या एका दवाखान्यात कंपाउंडर म्हणून आजोबा पुढे माळव्यात आले आणि इथलेच झाले. घरात दोन भाषा. चर्चची उपासना हिंदीत, तिथे ‘यीशु मसीह’. घरची प्रार्थना मराठीत, तिथे ‘येशू ख्रिस्त’. संध्याकाळी नारायण वामन टिळकांची पदं, नाताळात करंज्या, आणि आजीचं जुनं मराठी बायबल फडक्यात गुंडाळून कपाटात. ताई स्वतःच म्हणतात, “विश्वास आमच्या घरात पितळेच्या डब्यासारखा होता भाऊ. आजीचा म्हणून जपलेला. वापरात नव्हता.”

भावजी छापखान्यात मशीनवर होते. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही जुने, गोळ्या कधी घ्यायच्या कधी राहायच्या. २०२१ च्या पावसाळ्यात पायावर सूज आली, श्वास लागू लागला, आणि दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्याचं कळलं. तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस : सोमवार, बुधवार, शुक्रवार. यंत्रावर चार तास, पण जाणं, नंबर लागणं, नंतर उतरलेला रक्तदाब सावरणं धरलं तर दिवस संपतोच. नोकरी दोन महिन्यांत गेली. मुलगा पीथमपूरला ठेकेदाराकडे कामाला, मुलगी बारावीत.

सुरुवातीला खासगी ठिकाणी एका वेळेचे अठराशे रुपये लागत. महिन्याला बारा-तेरा वेळा म्हणजे तेवीस हजारांच्या आसपास, शिवाय रक्त वाढवण्याची इंजेक्शनं वेगळी. आयुष्मान योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, आणि २०१६ पासून गरीब रुग्णांना जिल्हा रुग्णालयांत मोफत डायलिसिस देण्याची केंद्राची योजना आहे. पण कागद जुळून कार्ड हातात येईपर्यंत यांचे चौदा महिने गेले. तोवर बांगड्या गेल्या, सोनेतारण कर्ज झालं, मंगळसूत्रही गेलं. त्यातल्या दोन वाट्यांच्या मधला छोटा सोन्याचा क्रूस तेवढा ताईंनी काढून ठेवला, तो आता काळ्या दोऱ्यात आहे.

आम्ही काय केलं

मंडळी धावून आली, हे खरं आहे आणि ते आधी सांगायला हवं. पहिले चार महिने रोज कुणाकडून तरी डबा जात होता. पाळकसाहेब दर सोमवारी फोन करत. मुलीच्या पुस्तकांचा खर्च दोन कुटुंबांनी वाटून घेतला.

डब्यांचं मात्र आमच्या लक्षात आलं नाही. मराठी घरात शेजारचं भांडं रिकामं परत देत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर, चार शेंगदाणे, कढीपत्त्याची काडी तरी घालतात. ताईंच्या आईने त्यांना हे लहानपणी शिकवलेलं. आलेले डबे ताई घासून, पुसून, साखर घालून परत करत. महिनाअखेरीला साखर संपली. मग त्या डबे घरातच ठेवू लागल्या. ओट्याखाली सात-आठ डबे साठले. ज्यांचे डबे होते त्यांनी ते मागितले, तेव्हा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा भांडी रिकामी परत दिली. पुढच्या आठवड्यात बेल वाजली की त्या दार उघडेनात. आम्ही म्हणत होतो, ताईंना एकटं राहायचं असेल.

याच सुमारास समितीच्या बैठकीत मी ठराव मांडला की या कुटुंबाची महिना दोनशे रुपयांची वर्गणी बंद करावी. सगळ्यांनी मान डोलावली. मी वहीत त्या नावावर रेघ मारली. थैली फिरवणाऱ्या मुलांनाही सांगून ठेवलं, त्यांच्या बाकाजवळ थांबू नका, बरं दिसत नाही. पुढच्या रविवारी थैली ताईंच्या समोरून पुढे गेली. त्यांच्या मुठीत दहाची नोट होती. ती मूठ तशीच मिटलेली राहिली, हे मला दीड वर्षाने कळलं.

त्यानंतर त्या चर्चला आल्या नाहीत. आम्ही डायलिसिसवर दोष ठेवून मोकळे झालो. रविवारी डायलिसिस नव्हतं, एवढंही कुणी मोजलं नाही.

मडक्यातलं पीठ

आम्ही नव्हतो, त्या जागी दुसरं कुणीतरी आलं. बाहेरगावचे एक प्रचारक नातेवाइकांच्या ओळखीने घरी आले. प्रार्थना छान केली. मग बायबलातलं मलाखी ३:१० उघडून दशमांशाबद्दल, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग देवाला देण्याबद्दल बोलले, आणि त्यानंतर सारफथच्या विधवेची गोष्ट सांगितली : दुष्काळात तिच्याकडे मूठभर पीठ आणि थोडंसं तेल उरलेलं, संदेष्टा एलिया म्हणाला आधी माझ्यासाठी एक लहानशी भाकर कर, तिने केली, आणि मडक्यातलं पीठ सरलं नाही. तुम्ही आधी देवाला द्या, किडनी देव बघेल, असा त्यांचा सांगण्याचा रोख. ताईंनी इंजेक्शनांसाठी ठेवलेले पाच हजार दिले. दोन महिन्यांनी भावजींचं हिमोग्लोबिन आणखी खाली गेलं. फोन केला तेव्हा उत्तर आलं, विश्वासात काहीतरी कमी पडलं असेल.

हे वाक्य मी आजवर पुष्कळांच्या तोंडून ऐकलं आहे आणि दर वेळी माझा संताप होतो. आजारी माणसाच्या उशाशी बसून त्याचा विश्वास तोलायचा अधिकार कुणाला कुणी दिला? प्रभू येशूने तर आईबापांना द्यायचं ते देवाला वाहिलं, असं म्हणून हात झटकणाऱ्यांना तोंडावर सुनावलं आहे. नवऱ्याच्या इंजेक्शनाचे पैसे अर्पण म्हणून घेणं त्याच जातीचं.

ताई म्हणतात, “त्या दिवसापासून मी देवाशी बोलणं टाकलं. भांडलेही नाही. भांडायला तरी बोलावं लागतं.”

बुधवार

घर चालवायला ताईंनी भंवरकुआँकडे राहणाऱ्या कोचिंगच्या मुलांसाठी डबे सुरू केले. रोज संध्याकाळचे तीस डबे, प्रत्येकात चार पोळ्या, भाजी, वरण-भात. मुलगी आणि शेजारची एक बाई मदतीला.

२०२३ च्या जानेवारीतला एक बुधवार. कार्ड झालेलं होतं, डायलिसिस आता सरकारी रुग्णालयात. बाहेरच्या बाकावर खरगोनकडून आलेली एक बाई बसली होती. तिचा तेवीस वर्षांचा मुलगा आत यंत्रावर. पहाटेची बस पकडून आलेली, परतीचं भाडं कमरेला बांधलेलं, त्यामुळे दुपारपर्यंत चहात बुडवलेल्या दोन बिस्किटांवर. ताईंच्या पिशवीत स्वतःपुरत्या चार पोळ्या आणि बटाट्याची भाजी होती. त्यांनी डब्याचं झाकण उलटं केलं, त्यात दोन पोळ्या आणि अर्धी भाजी घातली, आणि काही न बोलता पुढे केलं. त्या बाईनेही काही न बोलता घेतलं. दोघी जेवल्या. तिने झाकण नळावर धुऊन, पदराने पुसून परत दिलं.

यात सांगण्यासारखं काहीच नाही, असं ताईंनाही तेव्हा वाटलं. घरी येऊन कणीक मळायला बसल्या तेव्हा एकदम रडू कोसळलं. “भाऊ, दीड वर्षात मी पहिल्यांदा कुणाला काहीतरी दिलं होतं. तोपर्यंत नुसती घेत होते. डॉक्टरांकडून तारीख घेत होते, तुमच्याकडून डबा घेत होते, सोनाराकडून पैसे घेत होते. माझ्या हातालाच विसर पडला होता.”

त्या रात्री त्यांनी परातीतलं मूठभर कोरडं पीठ बाजूला काढून एका डब्यात टाकलं. मूठ डब्यावर उघडताना तीच गोष्ट आठवली, सारफथची. प्रचारकाने सांगितलेली नको म्हणून आजीचं बायबल काढलं आणि १ राजे, अध्याय १७ स्वतः वाचला. पूर्ण वाचला. पुढचं सगळं इथूनच फिरलं, असं मी मानतो.

कारण प्रचारक जिथे थांबले त्याच्या पुढे दोन गोष्टी आहेत. एक, एलिया भाकर खाऊन पुढच्या गावी गेला नाही. तो त्या बाईच्याच घरी राहिला, आणि ती, तिचं घर आणि तो पुष्कळ दिवस त्याच मडक्यातलं खात राहिले. दुसरी, पीठ न सरण्याचा चमत्कार झाल्यानंतर त्या बाईचा मुलगा आजारी पडला आणि त्याचा श्वास थांबला. देऊनही दुःख चुकलं नाही. आणि ती एलियाला फाडफाड बोलली, माझ्या पोराला मारायला आलास का म्हणून. एलियाने तिला गप्प बसवलं नाही. त्याने मुलाला तिच्या मांडीवरून उचलून वर नेलं आणि तो स्वतः देवाला तोच प्रश्न विचारू लागला. मुलगा जिवंत झाला, ते पुढे.

“म्हणजे देणारीवर संकट येऊ शकतं, आणि ती देवाच्या माणसाला जाब विचारू शकते, हे देवानेच लिहवून ठेवलंय. मग मी का गप्प बसले होते?” त्या रात्री ताई प्रार्थना करत नव्हत्या, भांडत होत्या. पण बोलत होत्या. मराठीत. भावजी जागे होते, त्यांनी सगळं ऐकलं आणि शेवटी ‘आमेन’ म्हटलं.

मूठ

हिशेब सांगतो, कारण देण्याच्या गोष्टी हवेत राहिल्या की माणसं घाबरतात. तीस डब्यांच्या एकशेवीस पोळ्यांना रोज साडेतीन किलोच्या आसपास पीठ लागतं. त्यातून तीन मुठी, म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम, बाजूला. खर्च दिवसाला पाच-सहा रुपये. त्यात चार-पाच पोळ्या होतात. आठवड्याचं पीठ तिन्ही दिवसांत वाटलं की दर वेळी अकरा-बारा पोळ्या, म्हणजे पाच-सहा माणसांचं थोडंफार जेवण. हे जेवण रुग्णांसाठी नसतं, सोबत आलेल्यांसाठी असतं. डायलिसिसच्या रुग्णाला मीठ, पाणी, पोटॅशियम सगळं मोजून लागतं. केळं, टोमॅटो, नारळपाणी अशा चांगल्या म्हणवणाऱ्या वस्तूही त्याच्या जिवावर बेतू शकतात. ताईंना हे घरच्या अनुभवाने पाठ होतं, तरी त्यांनी तिथल्या सिस्टरला विचारून घेतलं.

मिझोरममधल्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत १९१० पासून ही रीत आहे. प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी घरची बाई मूठभर तांदूळ काढून ठेवते आणि तो मंडळीच्या कामाला जातो. तिकडे त्याला ‘बुहफाई थाम’ म्हणतात. आपल्याकडचा मुष्टिफंडही त्याच घराण्यातला. ताईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. मी नंतर सांगितलं तेव्हा म्हणाल्या, “बायकांच्या हातात तेवढंच असतं ना भाऊ, मूठ.”

घरात विरोधही झाला, आणि तो रास्त होता. मुलीने स्पष्ट विचारलं, माझ्या फीचं काय? नारायण वामन टिळकांच्या घरची गोष्ट मला इथे आठवते. टिळक हातातलं सहज देऊन टाकत आणि संसाराची ओढाताण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई, हे लक्ष्मीबाईंनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. देणारा एक आणि झळ सोसणारा दुसरा, असं किती घरांत होतं! ताईंनी मुलीशी बसून ठरवलं : फी, औषधं आणि कर्जाचा हप्ता या तिन्हींना हात लावायचा नाही. मूठ फक्त पिठातून, आणि ज्या दिवशी पीठ कमी त्या दिवशी मूठ नाही. मुलगी आता स्वतः मूठ काढते. तिची मूठ आईपेक्षा लहान आहे, तर ती चार काढते.

वही

मार्चमध्ये, इस्टरच्या आधीच्या उपवासकाळात, ताई रविवारी चर्चला आल्या. उपासना संपल्यावर माझ्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. पन्नासची नोट पुढे केली.

“वर्गणी.”

मी म्हणालो, “ताई, तुमची वर्गणी आपण थांबवली आहे ना. तुम्ही काळजी करू नका.”

“मला विचारलं होतंत?”

मला उत्तर सुचेना. त्यांनी वही उघडायला लावली. आपल्या नावावरची रेघ पाहिली. “भाऊ, मरण पावल्यावर नाव खोडतात ना?” एवढंच म्हणाल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता. मग थैली, मिटलेली मूठ, दहाची नोट, सगळं सांगितलं.

त्या रात्री मी बायबलातलं पौलाचं पत्र, २ करिंथ, अध्याय ८ वाचला. खजिनदार म्हणून मी तो किती वेळा वाचून दाखवला असेल! यरुशलेमातल्या गरजू विश्वासणाऱ्यांसाठी पौल निधी गोळा करत होता. मासेदोनियातल्या मंडळ्या स्वतःच संकटात आणि दारिद्र्यात होत्या. मी मनात नेहमी धरून चाललो होतो की पौलाने त्यांच्याकडे मागितलं आणि त्यांनी दिलं. लिहिलंय ते वेगळं आहे. त्यांनी पौलाची विनवणी केली, आम्हालाही या सेवेत भाग घेऊ द्या. गरीब माणूस मागतो आहे आणि काय मागतो आहे, तर देण्याची परवानगी. मी तीच परवानगी काढून घेतली होती, तीही कनवाळूपणाने, ठराव करून. माणसाजवळ असेल त्यानुसार त्याचं देणं मान्य होतं, नसेल त्यानुसार नाही, हेही त्याच अध्यायात पुढे आहे. मला दोनशे रुपये दिसले. पन्नास दिसले नाहीत, दहा तर नाहीतच.

पुढच्या बैठकीत मी ठराव मागे घेतला. खोडलेली ओळ पुन्हा लिहिली, पन्नास रुपयांची. शिवाय एक पद्धत बदलली. कोणत्याही घरी मदत घेऊन जाताना आम्ही त्या घराकडेही काहीतरी मागतो. एका आजोबांकडे प्रार्थनेसाठी मंडळीतली नावं देतो, ते रोज एक-एक नाव घेऊन प्रार्थना करतात. एका बाईंकडे चर्चच्या पडद्यांची शिलाई दिली. कुणावर सक्ती नाही. पण विचारतो.

पत्रकाचा प्रश्न

पोळ्यांची गोष्ट पसरल्यावर आणखी सहा घरांनी मूठ काढायला सुरुवात केली. तरुण संघातल्या मुलांचा उत्साह फार. त्यांनी सुचवलं, प्रत्येक पोळीच्या पुडीत वचनाचं छोटं पत्रक ठेवू, आणि फोटो काढू.

ताईंनी दोन्हीला नकार दिला. मुलांना वाटलं, त्या लोकांना घाबरतात. तसं नव्हतं. त्या म्हणाल्या, “त्या बाईने माझी पोळी खाल्ली तेव्हा ती माझं कसलंही देणं लागत नव्हती. म्हणून ती माझ्याशेजारी बसून जेवली. पत्रक ठेवलं की ती माझ्यासमोर बसेल. कुणी विचारलं तू का देतेस, तर मी येशूचं नाव घेईन, लपवणार नाही. पण विचारू दे ना आधी.” फोटोबद्दल तर एकच वाक्य : डाव्या हाताला कळू नये असं प्रभूने सांगितलंय, आणि मोबाइल डाव्याच हातात असतो. मुलं हसली आणि ऐकलं. मी या बाबतीत पूर्णपणे ताईंच्या बाजूचा आहे.

सध्या

भावजी बरे झालेले नाहीत. हातावरचा फिस्टुला, म्हणजे डायलिसिसची सुई टोचायला शस्त्रक्रियेने केलेला रक्तवाहिन्यांचा जोड, मध्ये बंद पडला, दुसरा करावा लागला. किडनी प्रत्यारोपणाचा विचार हृदय अशक्त असल्याने डॉक्टरांनी बाजूला ठेवला. सोनेतारणाचं कर्ज निम्मं फिटलं आहे. गेल्या उन्हाळ्यात सुट्ट्यांमुळे डबे अकरावर आले, तेव्हा पाच आठवडे मूठ बंद होती, आणि ताईंनी त्याची खंत केली नाही. भावजी आता वॉर्डात नव्याने आलेल्या रुग्णांना पाणी मोजून कसं प्यायचं, तहान लागली तर बर्फाचा तुकडा कसा चघळायचा, कार्डाचे कागद कोणत्या खिडकीवर द्यायचे, हे सगळं शांतपणे समजावतात. ते त्यांचं देणं.

एकदा मी ताईंना विचारलं, आनंद होतो का? चर्चच्या हिंदी बायबलात ‘परमेश्वर हर्ष से देनेवाले से प्रेम रखता है’ असं आहे, आणि आपल्या मराठीत ‘संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो’. त्या बराच वेळ पोळी शेकत राहिल्या. मग म्हणाल्या, “हर्ष म्हणाल तर माझ्याजवळ नाही भाऊ. यांची तब्येत बघून हर्ष कुठून आणू? पण रात्री पिठाचा डबा बंद करते तेव्हा छातीत काहीतरी खाली बसतं. दिवसभर उडत असलेलं. मराठीतला शब्द बरोबर आहे.”

मागच्या महिन्यात खरगोनची ती बाई पुन्हा भेटली. मधे तिच्या मुलाला तिकडेच डायलिसिस मिळू लागलं होतं, इंदूरला फक्त तपासणीला आली होती. ताईंचा एक स्टीलचा डबा आठ-नऊ महिन्यांपूर्वी तिच्याकडेच राहून गेला होता. तो तिने पिशवीतून काढून दिला. जड लागला म्हणून ताईंनी झाकण उघडलं. आत काठोकाठ निमाडच्या वाळलेल्या लाल मिरच्या होत्या, घरच्या शेतातल्या, देठं खुडून.

ताईंनी त्या रात्री अर्ध्या मिरच्यांची लसूण घालून चटणी वाटली. शुक्रवारच्या पुड्यांत प्रत्येक पोळीला ती थोडी-थोडी लावली होती.